दिसतं ते खरं की ऐकू येतं ते? रेडिओ नाटकातून जन्मलेला ‘न्वार’ आणि पुण्यात घडलेला ‘अंधाधुन’

पुण्यातला एक प्रशस्त फ्लॅट. एक आंधळा तरुण पियानो वाजवतोय. त्याच्यापासून चार पावलांवर घरमालकाचं प्रेत पडलंय. घरमालकाची बायको आणि तिचा प्रियकर आवाज न करता रक्त पुसतायत, प्रेत मोठ्या सुटकेसमध्ये कोंबतायत. पियानोवाल्याला काही दिसत नाही, म्हणून दोघं निर्धास्त आहेत.

गोची एवढीच आहे की पियानोवाल्याला सगळं दिसतंय.

२०१८ साली आलेला ‘अंधाधुन’ ज्यांनी पाहिलाय त्यांना हा सीन विसरता येणार नाही. हा सीन गाजला, त्यावर व्हिडिओ झाले, मीम्स झाले. पण त्यामागची युक्ती कुठून आली हे फारसं कुणी सांगत नाही. तिचं मूळ शोधत गेलं की गाडी थेट १९४० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या रेडिओ नाटकांपाशी आणि त्या नाटकांवरून बनलेल्या स्वस्तातल्या सिनेमांपाशी जाऊन थांबते.

तर हा प्रवास नेमका कसा झाला, ते समजून घेऊ. (पुढे ‘अंधाधुन’चा शेवटसुद्धा सांगितलाय. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

आधी ‘फिल्म न्वार’ म्हणजे काय?

‘न्वार’ हा फ्रेंच शब्द. अर्थ सरळ आहे, काळा. आपल्याकडे काही जण ‘नॉयर’ असंही म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन सिनेमे येणं बंद होतं. युद्ध संपल्यावर ते एकदम आले, तेव्हा तिथल्या समीक्षकांच्या लक्षात आलं की हॉलिवूडच्या गुन्हेगारी सिनेमांचा रंग बदललाय. रस्ते ओले, रात्र संपत नाही, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या माणसांच्या तोंडावर पडतायत. नायक धुतल्या तांदळासारखा नाही. नायिका गोड बोलते, पण तिच्या मनात काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. १९४६ मध्ये नीनो फ्रँक या समीक्षकाने अशा सिनेमांसाठी ‘फिल्म न्वार’ हा शब्द वापरला आणि तो चिकटला.

न्वार आणि साधी रहस्यकथा यांत एक मोठा फरक आहे. रहस्यकथेत प्रश्न असतो, खून कुणी केला? न्वारमध्ये खुनी बऱ्याचदा पहिल्या अर्ध्या तासातच कळतो. खरा प्रश्न पुढे असतो. हे माहीत असलेला माणूस आता काय करणार? बोलणार, गप्प बसणार, की त्यातून स्वतःचा फायदा काढणार?

यात रेडिओ कुठून आला?

त्या काळात अमेरिकेत घरोघरी रेडिओ होता आणि रात्रीच्या रेडिओ नाटकांना तुफान श्रोते होते. सीबीएस रेडिओवर १९४२ साली ‘सस्पेन्स’ नावाची मालिका सुरू झाली आणि ती तब्बल २० वर्षं, १९६२ पर्यंत चालली. दर भागात नवी गोष्ट, अर्ध्या तासात संपणारी.

रेडिओ नाटकाचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं असतं. ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. दाराची कडी वाजते, जिन्यावर पावलं वाजतात, कुठेतरी आगगाडी धडधडत जाते. बाकीचं चित्र ऐकणारा स्वतःच्या डोक्यात रंगवतो, आणि माणसाचं डोकं कुठल्याही सेटपेक्षा जास्त भीतीदायक चित्र रंगवतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे लुसिल फ्लेचर या लेखिकेचं ‘सॉरी, राँग नंबर’. २५ मे १९४३ रोजी ते ‘सस्पेन्स’मध्ये पहिल्यांदा लागलं. एक आजारी बाई अंथरुणावर पडून नवऱ्याला फोन लावतेय. लाइन क्रॉस होते आणि तिला दोन अनोळखी माणसांचं बोलणं ऐकू येतं. ते रात्री एका बाईचा खून करायचं ठरवतायत. ती ऑपरेटरला सांगते, पोलिसांना सांगते. कुणी मनावर घेत नाही. हळूहळू तिच्या लक्षात येतं की ती बाई म्हणजे आपणच.

सगळं नाटक फोनवर घडतं. म्हणजे त्या बाईला जेवढं ऐकू येतं, तेवढंच श्रोत्यालाही. दोघंही सारखेच आंधळे. अ‍ॅग्नेस मूरहेड या अभिनेत्रीने ते असं काही सादर केलं की लोकांच्या आग्रहावरून ते पुन्हा पुन्हा प्रसारित करावं लागलं. १९४८ मध्ये त्यावर सिनेमा आला. पटकथा फ्लेचर यांनीच लिहिली, मुख्य भूमिकेत होत्या बार्बरा स्टॅनविक.

तो सिनेमा मोठ्या बॅनरचा होता. पण रेडिओवरून सिनेमा उचलण्याचा खरा धडाका लावला तो छोट्या निर्मात्यांनी.

कमी पैसा, जास्त अंधार

त्या काळात अमेरिकन थिएटरमध्ये एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत. एक मोठ्या स्टारचा, आणि जोडीला एक छोटा, तास-सव्वा तासाचा. या जोडीच्या सिनेमाला ‘बी पिक्चर’ म्हणत. त्याचं उत्पन्न आधीच ठरलेलं असायचं, कारण थिएटरवाले त्यासाठी ठरावीक भाडं देत. मग नफा कमवायचा एकच मार्ग उरतो, खर्च कमी करणं.

अशा वेळी रेडिओ नाटक म्हणजे आयतं घबाड होतं.

एक, गोष्ट तयार आणि लोकांनी पसंत केलेली. दोन, पात्रं मोजकी. तीन, जागा मोजक्या, कारण रेडिओवर फार जागा बदलल्या तर ऐकणारा गोंधळतो. चार, गोष्ट सांगणारा आवाज आधीपासूनच असतो. त्यामुळे जो प्रसंग चित्रित करायला पैसे नाहीत, तो नायकाच्या निवेदनातून दोन वाक्यांत उरकता येतो. न्वार सिनेमात नायक आपली कर्मकहाणी स्वतःच सांगत असतो, ती सवय वाढवण्यात रेडिओचा हात मोठा आहे.

आणि अंधार? तो दिसायला देखणा होताच, पण सोयीचाही होता. सेटची मागची भिंत नसेल तर तिथे सावली टाकायची. गर्दी जमवायला पैसे नसतील तर रस्ता रात्रीचा आणि धुक्याचा दाखवायचा.

कोलंबिया स्टुडिओने ‘द व्हिसलर’ या रेडिओ मालिकेवरून १९४४ ते १९४८ या काळात ८ छोटे सिनेमे काढले. रेडिओवर गोष्ट सांगणारा शीळ घालत यायचा. सिनेमातही त्याचा चेहरा दाखवला नाही. फक्त सावली आणि शीळ.

याच जातकुळीतला आणखी एक सिनेमा म्हणजे ‘द आर्गाइल सीक्रेट्स’ (१९४८). साय एंडफिल्ड या तरुण लेखकाचं ‘द आर्गाइल अल्बम’ हे नाटक ‘सस्पेन्स’मध्ये लागलं होतं. त्याने स्वतःच त्याचा सिनेमा केला. अगदी तुटपुंज्या पैशांत, लांबी जेमतेम तासभर. गोष्ट एका अल्बमभोवती फिरते. युद्ध चालू असताना ज्या बड्या लोकांनी नाझींशी आतून संधान बांधलं होतं, त्यांची नावं त्या अल्बममध्ये आहेत. एका पत्रकाराचा त्यापायी जीव जातो, दुसऱ्यावर खुनाचा संशय येतो, आणि अल्बम मिळवायला सगळे एकमेकांच्या जिवावर उठतात.

पुढची गंमत, खरं तर शोकांतिका, अशी की नावांच्या यादीची गोष्ट सांगणारा एंडफिल्ड काही वर्षांत स्वतःच एका यादीत सापडला. अमेरिकेत कम्युनिस्टांची शोधाशोध सुरू झाली, १९५१ मध्ये त्याचं नाव घेतलं गेलं आणि हॉलिवूडचे दरवाजे बंद झाले. तो इंग्लंडला निघून गेला. तिथे त्याने १९६४ चा गाजलेला ‘झुलू’ केला.

आपल्याकडे काय चाललं होतं?

कान लावून गोष्ट ऐकणं आपल्याला नवीन नाही. पुण्याला तर मुळीच नाही.

आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं आणि १९५५ मध्ये तिथून गीतरामायण प्रसारित होऊ लागलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, वर्षभर, एकूण ५६ गीतं. समोर ना रंगमंच, ना पडदा. तरी ऐकणाऱ्यांना सगळं रामायण दिसलं. नभोनाट्य आणि श्रुतिका हे शब्द मराठी घरांत रुळले ते याच काळात. पुढे विविध भारतीवरच्या ‘हवा महल’मधल्या छोट्या नाटिकांनी आणि ‘इन्स्पेक्टर ईगल’सारख्या गुप्तहेर मालिकेने एक अख्खी पिढी रेडिओला चिकटवून ठेवली.

पण आपल्या सिनेमावाल्यांनी रहस्यकथा उचलल्या त्या बहुतेक कादंबरीतून आणि नाटकातून. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवर आधारलेला होता. त्यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ आला.

स्वस्त आणि मस्त न्वारचं आपल्याकडचं चोख उदाहरण म्हणजे यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ (१९६९). राजेश खन्ना आणि नंदा, बहुतेक गोष्ट एका घरात आणि एका रात्रीत. एकही गाणं नाही. मूळ एक इंग्रजी नाटक, त्यावरून गुजरातीत ‘धुम्मस’, आणि त्यावरून हा सिनेमा. हिंदीत गाण्यांशिवाय सिनेमा म्हणजे त्या काळी वेडेपणा होता, पण चोप्रांना त्यासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा फिल्मफेअर मिळाला.

सूत्र तेच. दुसऱ्या माध्यमातली एक छोटी, घट्ट गोष्ट घ्यायची आणि तिला चार भिंतींत कोंडायचं.

१३-१४ मिनिटांची गोष्ट पुण्यात कशी आली?

‘अंधाधुन’चे दिग्दर्शक श्रीराम राघवन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, म्हणजे एफटीआयआयचे विद्यार्थी. प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओत ही संस्था उभी राहिली आणि १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी जगभरचे सिनेमे तिथे गोळा केले. त्यामुळे जुने न्वार मोठ्या पडद्यावर बघता येतील अशा देशातल्या मोजक्या शहरांत पुण्याचा नंबर लागला.

कन्नड दिग्दर्शक हेमंत राव यांनी राघवन यांना एक फ्रेंच लघुपट सुचवला. ऑलिव्हिए त्रेनेर यांचा ‘लाकॉर्दर’, म्हणजे पियानो जुळवणारा. लांबी जेमतेम १३-१४ मिनिटं. स्पर्धेत हरलेला एक पियानोवादक आंधळा असल्याचं सोंग घेऊन घरोघरी पियानो जुळवायला जातो. लोक आंधळ्यासमोर मोकळे वागतात, जास्त पैसे देतात. एके दिवशी तो नको त्या घरात पोहोचतो. लघुपट अशा वळणावर संपतो की पुढे त्याचं काय झालं हे कळत नाही.

राघवन आणि त्यांच्या लेखकांनी विचारलेला प्रश्न हाच, पुढे काय झालं?

त्या उत्तरातून २ तास १९ मिनिटांचा सिनेमा उभा राहिला. आयुष्मान खुराना, तब्बू, राधिका आपटे. गोष्ट मुख्यतः पुण्यात घडते आणि बहुतेक चित्रीकरणही पुण्यातच झालं. सुमारे ३२ कोटींचं बजेट, म्हणजे आजच्या हिंदी सिनेमाच्या मानाने आवरतंच. पुढे चीनमध्ये तो ‘पियानो प्लेयर’ नावाने लागला आणि तिथेच त्याने ३०० कोटींहून जास्त गल्ला जमवला. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, सर्वोत्कृष्ट अभिनेता (विकी कौशलसोबत विभागून) आणि सर्वोत्कृष्ट रूपांतरित पटकथा असे ३ राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले.

खून होतो त्या प्रमोद सिन्हाची भूमिका अनिल धवन यांनी केलीय. तेही एफटीआयआयचेच आणि ७० च्या दशकातले खरेखुरे नायक. सिनेमात हे पात्र आपले जुने सिनेमे आणि गाणी बघत बसतं, ती खरोखर धवन यांचीच आहेत.

तो पियानोचा सीन इतका चालतो कसा?

आता रेडिओ नाटकाचं गणित आठवा. श्रोत्याला ऐकू येतं, दिसत नाही.

‘अंधाधुन’ने हे गणित उलटं केलं. त्या सीनमध्ये जवळपास एकही संवाद नाही. कानावर पडतो तो फक्त पियानो. तेवढंच ऐकलं तर वाटेल, कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाचा छान कार्यक्रम चाललाय. गुन्हा सगळा डोळ्यांना दिसतो आणि कानांना त्याची खबरच नाही.

आणि आकाशला, म्हणजे पियानोवाल्याला, स्वतः रेडिओचा श्रोता असल्याचं नाटक करायचंय. दिसतंय सगळं, पण ‘मला फक्त ऐकू येतंय’ असं वागायचंय. मान वळली, नजर हलली, बोट चुकीच्या पट्टीवर पडलं तर खेळ खल्लास. म्हणून आपला जीव वर-खाली होतो. बंदूक कुणी रोखलेली नाही, तरीही.

मग यात पुण्याचं काय?

ही गोष्ट कुठल्याही शहरात घडू शकली असती. पण पुण्यात ती वेगळी लागते, कारण हे शहर न्वारचं वाटतच नाही. उन्हं पडलेली आहेत, जिन्यात शेजारी भेटतात, रिक्षावाला ओळखीचा आहे. सगळं नीटनेटकं. अंधार रस्त्यावर नाही, ब्लॉकचं दार लावल्यावर आत आहे.

आणि इथेच सिनेमाचा खरा काटा रुततो. शेजारच्या मिसेस डिसा पोलिसांना सांगतात की त्या दिवशी त्यांनी सिन्हांच्या घरी एक माणूस पाहिला होता. त्यांना दिसलं आणि त्या बोलल्या. त्यांना इमारतीवरून खाली ढकललं जातं. आकाश तेव्हा तिथेच असतो. तो बघतो आणि गप्प राहतो.

त्याचीही बाजू आहे. तो पोलीस ठाण्यात गेला होता, पण तिथला अधिकारीच खुनातला साथीदार निघाला. त्याला बोलणं फिरवून परत यावं लागलं. बोलला तर जीव जाईल. पण हेही खरं की त्याने हे सोंग घेतलं ते गंमत म्हणून, संगीतावर लक्ष लागावं म्हणून, आणि लोकांच्या सहानुभूतीचे फायदेही घेतले.

मराठीत ‘डोळ्यांवर कातडं ओढणं’ म्हणतात, ते हेच. बघून न बघितल्यासारखं करणं. आकाश ते धंद्यासारखं करत होता. मग सिनेमा त्याला खरोखर आंधळं करतो. प्रसादातून काहीतरी घालून सिमी त्याची दृष्टी घालवते, आणि कालपर्यंत जे सोंग होतं ते नशीब बनतं.

शेवटाचा अर्थ काय?

दोन वर्षांनी युरोपात सोफीला आकाश भेटतो. तो तिला सगळी हकिगत सांगतो. डॉक्टर सिमीचे डोळे काढून त्याला बसवणार होता, पण त्याने ते होऊ दिलं नाही, पुढे गाडीसमोर ससा आला आणि अपघातात सिमी मेली, असं तो म्हणतो. सोफी जाते. आकाश काठी टेकत चालू लागतो, वाटेत एक रिकामा कॅन येतो आणि तो काठीने नेमका टोला मारून तो उडवतो. काठीच्या मुठीवर सशाचं डोकं कोरलेलं असतं.

म्हणजे त्याला दिसतंय. मग डोळे कुणाचे? सशाची गोष्ट खरी, की काठीची मूठ बघून सुचलेली? सिनेमाच्या अगदी सुरुवातीला ससा आणि शिकारी दाखवलेत, म्हणून काही जण म्हणतात अपघात खरा. काही म्हणतात, त्याने डोळे घेतले आणि आता सोफीपासून लपवतोय. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत आणि सिनेमाने निकाल दिलेला नाही.

पण एक गोष्ट नक्की. त्या टेबलावर सोफी ही रेडिओची श्रोता आहे. तिच्याकडे फक्त आवाज आहे. आपण मात्र त्या आवाजाबरोबर चित्रंही पाहिली आणि म्हणून ती खरी मानली. सांगणारा खोटारडा असेल तर त्याच्या गोष्टीतलं चित्रही खोटं असू शकतं, हे आपण विसरलो. १९५० मध्ये हिचकॉकने ‘स्टेज फ्राइट’मध्ये खोटा फ्लॅशबॅक दाखवला तेव्हा प्रेक्षक नाराज झाले होते. त्यांचं म्हणणं होतं, पडद्यावर दिसलेलं खोटं कसं असेल?

थोडक्यात काय?

रेडिओ नाटकाने शिकवलं की न दिसणारी गोष्ट जास्त घाबरवते. कमी पैशांच्या न्वारने शिकवलं की एक खोली, तीन माणसं आणि एक गुपित एवढ्यात सिनेमा होतो. पुण्यात घडलेल्या या सिनेमाने त्यात भर घातली की दिसणाऱ्या गोष्टीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

मोबाइलवर दिवसभर व्हिडिओ बघून ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय’ म्हणणाऱ्यांच्या काळात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एक प्रयोग करून बघा. पुढच्या वेळी ‘अंधाधुन’ लावाल तेव्हा तो पियानोचा सीन आधी डोळे मिटून ऐका. एक छान मैफल ऐकू येईल. मग तोच सीन डोळे उघडून बघा. आणि तिसऱ्यांदा, आवाज बंद करून फक्त मिसेस डिसांचं दार बघा. त्या घरात काय चाललंय याची शंका बाहेरच्या जगात फक्त त्यांनाच आली होती.